सोळा भोकांचा पॉड

मिग-21चं 1/72 मापाचं एखादं किट आणलं, विमान बांधून झालं, तरी खोक्यात बरेच भाग उरतात. पोलादी साचा करणं फार महाग पडतं, म्हणून कंपन्या एकाच साच्यातून त्या विमानाच्या तीन-चार आवृत्त्या काढतात. क्षेपणास्त्रांच्या जादा जोड्या, वेगळ्या टाक्या, कधी दुसऱ्या धाटणीची शेपटी, सगळं त्याच चौकटीत येतं. आपल्या आवृत्तीला नको असलेले भाग माहितीपत्रकात करड्या रंगाने झाकलेले असतात. मॉडेल बांधणाऱ्याची खरी पुंजी ती हीच. पण वेळेला हाताशी आली नाही तर तिचा उपयोग काय?

बाबा ओझरला एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या) विमान कारखान्यात, स्टोअरमध्ये होते. नाशिकचा हा कारखाना 1964 साली मिगसाठीच उभा राहिला. तिथली सुरुवातीची मिग विमानंसुद्धा सोव्हिएत संघातून आलेले भाग जोडूनच तयार झाली, हे आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं. निवृत्तीनंतर एकदा बाबा माझ्या टेबलाशी येऊन बसले, उरलेल्या भागांचा डबा उघडून पाहिला आणि पहिलाच प्रश्न टाकला, “अगं, यांचे टॅग कुठे आहेत?” विमानाच्या कारखान्यात टॅग नसलेला नट कितीही नवाकोरा असला तरी विमानाला लावत नाहीत.

प्रश्न नेमका होता. किटमधल्या भागाचा नंबर भागावर नसतोच. तो असतो शेजारच्या स्प्रूवर, म्हणजे भागांना धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या दांडीवर, छोट्याशा पट्टीवर. भाग कापून घेतला की त्याची ओळख गेली. तेव्हापासून उरलेला भाग मी सुटा करत नाही. साइड कटरने नंबराच्या पट्टीसकट दांडीचा पेरभर तुकडा कापते आणि त्यावर मार्करने किटची खूण करते. जागा जास्त जाते खरी, पण नाजूक भाग मोडत नाही आणि चिमट्यातून उडून फरशीवर हरवत नाही.

मग प्रश्न लावण्याचा. बरेच जण किटप्रमाणे पिशव्या करतात. मला ते पटत नाही. हवं असतं अमुक व्यासाचं चाक. ते कुठल्या किटमधून उरलं हे त्या क्षणी कोणाला आठवणार? म्हणून हार्डवेअरच्या दुकानात स्क्रूंसाठी मिळतात ते कप्प्यांचे पारदर्शक डबे घेतले आणि रूपाप्रमाणे भाग लावले: चाकं, टाक्या, नळ्या, अँटेना, पॉड. यावर हमखास विचारलं जातं, मग मापाचं काय? माझं मत असं, की माप फक्त माणसाला आणि माणसाच्या हाताला लागणाऱ्या वस्तूंना असतं. वैमानिक, खुर्च्या, बंदुका, शिड्या मी मापाप्रमाणे वेगळ्या ठेवते. बाकीच्यांना फक्त आकार. जेरीकॅन साधारण 47 सेंटीमीटर उंच, म्हणजे 1/35 मापात 13 मिलिमीटर. तोच तुकडा 1/72च्या ट्रकवर बसवला की जवळजवळ मीटरभर उंचीची टाकी होते. 1977च्या ‘स्टार वॉर्स’साठी मॉडेल करणाऱ्यांनी अवकाशयानांच्या अंगावर रणगाड्यांच्या किटमधले भाग चिकटवले होते. त्यांनी मापाची पर्वा केली असती तर ती यानं गुळगुळीतच राहिली असती.

या मांडणीचा खरा कस लागला तो मिग-21 एफएल बांधताना. 14 डिसेंबर 1971ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर आपल्या वायुदलाच्या 28 स्क्वाड्रनच्या मिग विमानांनी 57 मिलिमीटरच्या रॉकेटांचा मारा केला. मला त्यातलंच एक विमान करायचं होतं, आणि माझ्या किटमध्ये रॉकेटचे पॉड, म्हणजे पंखाखाली लावायची रॉकेटांची नळकांडी, नव्हते. ‘पॉड’चा कप्पा टेबलावर पालथा केला. वरवर सगळे सारखेच दिसत होते. पण या रॉकेटांचे सोव्हिएत पॉड मुख्यतः दोन जातींचे असतात, यूबी-16 आणि यूबी-32. आकड्याइतकी रॉकेटं, म्हणून तोंडावर तितकीच भोकं. मला 16चे हवे होते. या मापात त्यांचं तोंड पाच मिलिमीटरसुद्धा भरत नाही. भिंग लावून, सुईचं टोक एकेका भोकावर टेकवत मोजत गेले. आधी हाती आले ते सगळे 32वाले. मग करड्या प्लॅस्टिकचा एक 16चा मिळाला, आणि त्याच्या दांडीवरची खूण पाहून त्याचा जोडीदारही सापडला. बाबांनी दोन्ही तोंडं स्वतः भिंगाखाली मोजली, तेव्हाच ते पंखांखाली लागले.

काही भागांना मात्र शेजार चालत नाही. जुन्या किटमधले मऊ व्हिनाइलचे टायर नेहमी वेगळ्या पिशवीत. त्यांना मऊ ठेवणारं रसायन हळूहळू बाहेर येतं आणि ज्या पॉलिस्टायरीनला ते टेकलेले असतील ते मेणासारखं वितळतं. कॉकपिटच्या काचा टिश्यूत गुंडाळून ठेवायच्या, कारण ओरखडा लागला की घासून पॉलिश करत बसावं लागतं. ताजं फेविक्विक लावलेलं काही त्यांच्या जवळ ठेवायचं नाही, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. डिकलच्या, म्हणजे विमानावर चिकटवायच्या खुणांच्या, पानांना पावसाळ्याची ओल सोसत नाही. ती झिपच्या पिशवीत, सोबत औषधांच्या बाटलीतून जपून ठेवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या.

आता दुसरं एफएल हातात घेतलंय. या विमानाला मुळात अंगची तोफ नव्हती. आपल्या वायुदलाने पोटाखाली जीपी-9 हा 23 मिलिमीटरच्या दुनळी तोफेचा पॉड लावला. तो माझ्या एकाही कप्प्यात नाही. ‘टाक्या’मधून एका टाकीचा अर्धा भाग काढून तासायला घेतलाय. नळ्यांसाठी औषधांच्या दुकानातून इंजेक्शनच्या बारीक सुया आणल्या. दोन लागतील, उरलेल्या ‘नळ्या’च्या कप्प्यात टाकल्या आहेत.