कॉफीगृहातील मुलाखत

न्यू जर्सीतील प्रिन्स्टन येथे विदरस्पून रस्त्यावर सार्वजनिक ग्रंथालय आहे आणि आसपास कॉफीगृहे. हार्वर्ड, प्रिन्स्टन, एमआयटी यांसारख्या विद्यापीठांचे माजी विद्यार्थी प्रवेशेच्छूंच्या मुलाखती स्वयंसेवक म्हणून घेतात, त्या पुष्कळदा अशाच ठिकाणी. कचेरी नाही, बहुधा गुणपत्रिकाही पुढ्यात नाही. गप्पा मारायच्या आणि अहवाल पाठवायचा. कर्जदारांची चौकशी करण्यात हयात गेलेल्या मला हे फारच सैल वाटले.

डिसेंबरात तेथे सूर्य ४.३० च्या सुमारास मावळतो. नातवाला ५ ची वेळ मिळाली होती, आणि त्याचा चौविहार. मी मागच्या टेबलावर होतो. खरे तर तेथे असायला नको होतो. मुलाखतकार बाईंनी "काय घेणार?" असे विचारताच मनात म्हटले, कप नुसता पुढ्यात ठेव, बाळा. तो म्हणाला, "सूर्यास्तानंतर मी पाणीही घेत नाही."

बाईंनी कारण विचारले. पुढची ४० मिनिटे बहुतेक त्यातच गेली: जीवजंतू, दिवे, भूक, शाळेच्या सहलीत झालेली अडचण, आजीचा नियम. गणिताच्या पारितोषिकाचा उल्लेख राहूनच गेला.

बाहेर येताच मी त्याबद्दल त्याच्यावर रागावलो. घरी पोहोचेपर्यंत तो काही बोलला नाही.