तसबीर आणि बहुमत

घराच्या भिंतीवर कोणाला जागा द्यावी, हा प्रश्न आपल्या वाडवडिलांना फारसा पडत नसे. भिंती थोड्या, खिळे त्याहून थोडे आणि तसबिरी तर अगदी मोजक्या. दिवाणखान्यात लक्ष्मी किंवा सरस्वती, तिच्या शेजारी चंदनाचा हार घातलेले आजोबा, आणि पलीकडे लग्न झाल्यावर स्टुडिओत जाऊन काढलेले, परस्परांत हातभर अंतर राखून बसलेले एखादे जोडपे, एवढ्यावर मध्यमवर्गीय घराचे चित्रदालन संपत असे. पण खिळा ठोकण्यापूर्वी घरात विचारविनिमय होई आणि एकदा ठोकलेला खिळा पिढी-दोन पिढ्या जागचा हलत नसे. आजोबा भिंतीवर गेले म्हणजे ते भिंतीवरच राहत. दिवसा राहत, रात्री राहत, आणि आपण त्यांच्याकडे पाहिले नाही तरी राहत.

या मोजकेपणाचे श्रेय आपल्या रसिकतेपेक्षा आपल्या खिशाला अधिक द्यावे लागेल. छायाचित्रणाची विद्या पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली. तीनच तपे जावी लागली असे नव्हे. पंधरा वर्षांत, म्हणजे १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या कलेचे एक नामांकित उपासक होते. परंतु ती हौस श्रीमंतांची आणि विद्वानांची होती. सामान्य गृहस्थाच्या भिंतीवर माणसांच्या आधी देव आले. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि घरोघरच्या लक्ष्मी-सरस्वतीला चेहरा मिळाला. माणसांचे चेहरे मागाहून आले, आणि तेही जपून. माझ्या लहानपणी आमच्या घरात ‘आग्फा क्लिक थ्री’ या नावाचा एक काळा कॅमेरा होता. त्याच्या एका रोलवर बारा चित्रे निघत. बारातील दोन हलून वाया जात, एक डोळे मिटल्यामुळे फुकट जाई, आणि उरलेल्या नवांत एक वर्ष बसवावे लागे. म्हणून वडील कॅमेरा डोळ्याला लावीत तेव्हा आम्ही श्वास रोखून उभे राहत असू.

आता श्वास रोखण्याचे कारण राहिलेले नाही. आणि आम्हा गोरेगावकरांच्या घरांत खिळा ठोकण्याची सोयही राहिलेली नाही. जुन्या दुमजली इमारती पाडून त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या अनेक मनोऱ्यांच्या भिंती विटांच्या नसून ओतीव काँक्रीटच्या असतात. त्यांच्यावर हातोडी चालवावी तर खिळाच वाकतो, आणि भोक पाडणारे यंत्र आणावे तर आतील तारांची धास्ती वाटते. आमच्या जुन्या घरातील तसबिरी नव्या घरात वर्षभर पलंगाखालच्या कप्प्यात पडून होत्या. पावसाळ्यात त्यांपैकी एकीच्या काचेला चित्र चिकटले, दुसरीत कसर शिरली. तेव्हा घरातील तरुण मंडळींनी ठराव मांडला की, आता डिजिटल फोटो फ्रेम घ्यावी.

ही विजेची तसबीर निवडणे हे साडी निवडण्यापेक्षा सोपे आणि चष्मा निवडण्यापेक्षा कठीण आहे. दुकानदार प्रथम कॅमेऱ्यांच्या भाषेत कोटींच्या गोष्टी करतो. त्याला भुलू नये. आपल्या फोनमधील चित्रात सव्वा कोट ठिपके असले, तरी आडवे १,२८० आणि उभे ८०० ठिपके असलेल्या पडद्यावर त्यांतील सुमारे दहा लाखच दिसावयाचे. पाहण्याजोगी गोष्ट निराळीच असते. पडदा समोरून जसा दिसतो तसा बाजूनेही दिसतो का, हे उभे राहून नव्हे तर एका कडेला बसून पाहावे; कारण घरातील वडीलधारी माणसे फ्रेमच्या बरोबर समोर कधीच बसत नाहीत. दुसरी गोष्ट, चित्रे केवळ इंटरनेटवरून येतात की कार्डावरूनही चालतात, हे विचारावे. पहिल्या जातीची फ्रेम परदेशी असलेल्या मुलांसाठी फार सोयीची. आमच्या मुलीने टोरांटोहून तिच्या संध्याकाळी पाठविलेला नातवाचा फोटो आमच्या सकाळच्या चहाला हजर असतो. पण चालविणाऱ्या कंपनीने आपली सेवा आवरती घेतली, तर तो पडदा आंधळा होण्याचा संभव असतो. दोन्ही सोयी असलेली घ्यावी हे उत्तम.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती दुकानात कोणी सांगत नाही. जुन्या ‘क्लिक थ्री’ची चित्रे चौकोनी, सव्वादोन इंच लांब आणि तेवढीच रुंद. ती इंचाला सहाशे ठिपके या प्रमाणात स्कॅन केली म्हणजे प्रत्येक बाजूस १,३५० ठिपके मिळतात. पडद्याला तेवढे पुरून उरतात. परंतु पडदा असतो आडवा. ‘पडदा भरून दाखवा’ अशी आज्ञा त्याला दिलेली असली, तर तो चौकोनी चित्राचा वरचा-खालचा मिळून एक-तृतीयांशाहून अधिक भाग बिनदिक्कत कापतो. मागच्या रांगेतील काका बिनडोक्याचे होतात आणि सतरंजीवर बसलेली मुले नाहीशी होतात. ‘पूर्ण दाखवा’ ही आज्ञा शोधून काढावी. मग दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या राहतात खऱ्या. पण त्या पट्ट्यांचा उपयोग पुढे सांगणार आहे.

गोरेगावात राहणाऱ्याला हलत्या चित्रांचे अप्रूप नसावे. इथे १९४३ मध्ये फिल्मिस्तान स्टुडिओ निघाला, १९७७ मध्ये चित्रनगरी वसली, आणि तिला ज्या दादासाहेब फाळक्यांचे नाव आहे ते स्वतः आधी छायाचित्रकार होते. बोलपट दहा सेकंदांत दोनशे चाळीस चित्रे दाखवितो आणि आपल्याला एकच हालचाल दिसते. आमची फ्रेम दहा सेकंदांत एकच चित्र दाखविते आणि मन मात्र शंभर ठिकाणी हलते. प्रथम त्याचीच मौज वाटली. सर्वांनी आपापल्या फोनमधील चित्रे तिच्यात ओतली. ती २,४०० भरली. आता हिशेब करा. दहा सेकंदांना एक, या गतीने एक फेरी पुरी व्हावयास २४,००० सेकंद, म्हणजे सहा तास चाळीस मिनिटे लागतात. या चोवीसशेंत तीन वर्षांच्या नातवाची चित्रे नऊशेच्या वर. पत्नीच्या हंपीच्या सहलीची तीनशे. कोणी कुठे काय खाल्ले, याची निदान शंभर. आणि १९९१ साली वारलेल्या माझ्या वडिलांची चार.

एक चित्र, एक मत, असा या यंत्राचा कायदा आहे, आणि वरवर पाहता त्याच्याइतका निःपक्षपाती कायदा दुसरा नाही. पण चित्रे समान झाली म्हणून माणसे समान होत नाहीत. जो माणूस रोल महाग असण्याच्या काळात जगला, तो या राज्यात कायमचा अल्पसंख्य. त्यात कॅमेरा त्यांच्याच हातात असल्यामुळे वडील बहुतेक चित्रांच्या बाहेर राहिलेले. भिंतीवरच्या एका खिळ्याने जे त्यांना दिले होते, ते चोवीसशे चित्रांच्या बहुमताने काढून घेतले.

माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. ती दुपारी फ्रेमच्या कडेला आरामखुर्चीत बसते. एके दिवशी डोळा लागून ती जागी झाली आणि मला म्हणाली, “अरे, हे येऊन गेले का?” हा प्रश्न मी पूर्वी अनेकदा ऐकला होता. गोरेगावच्या बायकांना पाण्यासाठी मृणाल गोऱ्यांच्या पाठोपाठ मोर्चे काढावे लागले त्या काळात, पाण्याच्या रांगेतून घरी परतल्यावर ती हेच विचारीत असे. कारण वडील कचेरीतून येऊन चहा घेऊन पुन्हा वाचनालयात गेलेले असत. आताही ती तितक्याच साधेपणाने विचारीत होती. मी म्हटले, “आत्ताच गेले.” ती म्हणाली, “मग आता रात्रीपर्यंत नाहीत,” आणि उठून आत गेली. फेरीचा हिशेब तिने माझ्या आधी केला होता.

त्या रविवारी आम्ही सर्व चित्रे काढून घेतली आणि नव्याने निवडायला बसलो. साठच ठेवावयाची आणि प्रत्येकाला अर्धे मिनिट द्यावयाचे, म्हणजे अर्ध्या तासात एक फेरी पुरी होते. कोणाही माणसाची पाचांहून अधिक चित्रे नकोत. नातवाच्या नऊशेंतून पाच काढताना जो कोलाहल झाला, तो टोरांटोपर्यंत पोहोचला. वडिलांची मात्र चारही राहिली. खिळा ठोकण्यापूर्वी घरात होणारा जुना विचारविनिमय मला कित्येक वर्षांनी पुन्हा ऐकू आला, आणि त्यात असेही कळले की, प्रत्येकाने जपून ठेवलेली चित्रे एक आणि त्याला खरोखर हवी असलेली चित्रे निराळी असतात.

निवडता निवडता एक गोष्ट ध्यानात आली. कागदी चित्राला पाठ असते. पडद्यावरच्या चित्राला ती नसते. वडिलांच्या अक्षरात “गणपती, १९७४” एवढेच लिहिलेले एक चौकोनी चित्र निघाले. त्यात सोळा माणसे आहेत. मला त्यांतील सात ओळखू आली, माझ्या मुलीला एकही नाही. आईने बोट ठेवून एकेकाचे नाव, गाव आणि नाते सांगितले. कोणाला पुढे काय झाले तेही सांगितले. ती नसती तर त्या सोळा जणांपैकी निम्म्यांहून अधिक माणसे त्या दिवशी, उत्तम उजेडात, आमच्या डोळ्यांदेखत निनावी झाली असती. मी ती नावे चित्राच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्यांवर, डावीकडून उजवीकडे अशा क्रमाने टंकून घेतली. चित्राची हरवलेली पाठ अशा रीतीने त्याच्या कडेला आली.

चौदा नावे झाली. दोन स्त्रिया राहिल्या. त्यांच्यापुढे मी ‘ओळख नाही’ असे लिहू लागलो, तेव्हा आई म्हणाली, “इतक्यात लिहू नकोस. आठवेल.” म्हणून त्या दोन ओळी कोऱ्या ठेवल्या. फ्रेम सकाळी सातला लागते आणि रात्री दहाला आपोआप मावळते. दर अर्ध्या तासाने तो गणपती येतो आणि अर्धे मिनिट थांबतो. आई जपमाळ खाली ठेवून त्याच्याकडे पाहते. मागल्या आठवड्यात, दुपारचे तीन वाजले असतील, तिने मला आतून हाक मारली आणि एक नाव सांगितले. पंधरा झाली आहेत; एक राहिले आहे.