येळ्ळूरच्या गंजीतले बिऱ्हाड

बेळगावहून वडगावमार्गे येळ्ळूरकडे निघाले की काळ्या मातीचे भातशिवार लागते आणि पुढे राजहंसगड दिसू लागतो. इथल्या बासमतीचा वास ज्यांच्या लहानपणाच्या ताटात आहे, त्यांना या वाटेचे वर्णन करून सांगायला नको. परंतु सुगीनंतरचे येळ्ळूर निराळेच. भात घरात आलेले असते, परसात पिंजराच्या गंज्या उभ्या असतात आणि समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवरील या मुलखात पहाटेचा गारठा हाडांत शिरतो.

अशा दिवसांत गंजीच्या पायथ्याशी जरा वाकून पाहावे. पिंजर दाबून केलेल्या खळग्यात एखादी मांजरी पिल्लांना पोटाशी घेऊन पडलेली दिसते. ती कोणाच्याच मालकीची नसते, पण भाताच्या घरी तिचा हक्क जुना आहे. भातामागून उंदीर आले आणि उंदरांमागून ती आली. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी माणसाच्या शेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. तेव्हा ही सोयरीक काही कालची नव्हे.

पूर्वी चुलीजवळची कोमट राख हे मांजराचे हक्काचे अंथरूण असे. गॅस आला, कौले जाऊन स्लॅब पडला आणि हे अंथरूण गेले. आता उबेसाठी ते मोटारीच्या इंजिनाशी जाऊन बसते. म्हणून सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा माराव्यात. मांजर मारले तर काशीला जावे लागते, असे आपल्या आज्या सांगत. नकळत मेलेल्याचे काय, ते मात्र त्यांनी सांगितले नाही!

ज्यांच्या परसात गंजी नाही त्यांनी एखादे लाकडी खोके पालथे घालावे. खोके लहानच बरे, कारण मोठी पोकळी मांजराच्या अंगच्या उष्णतेने तापत नाही. खाली दोन विटा, वाऱ्याकडे पाठ आणि वीतभराहून लहान दार. आत गोधडीचा तुकडा घालण्याचा मोह होतो, पण कापड दव शोषून ओले राहते व अंगची ऊब ओढून घेते. पिंजराच्या काड्या पोकळ असतात. त्यांत हवा कोंडते आणि ओल फारशी टिकत नाही. गंजीतल्या मांजरीला हे कोणी शिकवलेले नसते.

गाईचे दूध पुष्कळ मांजरांना पचत नाही, हगवण लागते. त्यापेक्षा मासळीचे उरलेसुरले आणि स्वच्छ पाणी ठेवावे. पिल्लू एकटे दिसले तर लगेच उचलू नये. आई बहुधा शिकारीला गेलेली असते. मात्र ते गार पडले असेल तर प्रथम हळूहळू ऊब द्यावी, भरवणे नंतर. गारठलेल्या पोटात अन्न पचत नाही आणि दयेनेच पिल्लू दगावते.

गुरांना पिंजर काढताना पेंढी वरून उचलावी. खालून ओढली की गंजी ढासळते, आणि बिऱ्हाड बहुधा खालीच असते.