उशाशी बसणारा

आजारपण एकट्याला येत नाही. खाटेवर एकजण असतो. झोप मात्र दोघांची उडते. आजाऱ्याची नाडी डॉक्टर पाहतात, पण उशाशी बसणाऱ्याची कोण पाहणार? आईला घेऊन मुंबईच्या टाटा रुग्णालयात जावे लागले, तेव्हा हा प्रश्न मला प्रथम पडला.

अंबा एक्स्प्रेसने अमरावती सोडली. मूर्तिजापूर गेले, अकोला गेले आणि त्यांच्याबरोबर ओळखीची सारी माणसेही मागे राहिली असे वाटले. मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली, तेव्हा मात्र आपलेच कुणी वडीलधारे आधी पोहोचून वाट पाहत होते, असा भास झाला.

तसे ते खरेच होते. गाडगेबाबा आपल्याच मातीतले. १८७६ साली शेंडगावी जन्मले, दापुऱ्याला मामाच्या घरी गुरे राखीत वाढले आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर त्यांनी देह ठेवला. शाळेत आम्ही त्यांचा खराटा तेवढा पाठ केला. ज्या माणसाने स्वतःसाठी घर बांधले नाही, त्याने परक्यांसाठी धर्मशाळा का उभारल्या, याचा अर्थ त्या दादरच्या छपराखाली उमगला.

तिथे जो तो दुःखाचे गाठोडे घेऊनच आलेला. तरी एक म्हातारी माझ्यापुढे भाकर सरकवून म्हणाली, “बापू, दोन घास खाय. तूच पडला तं मायले कोन पाहीन?” त्या रात्री मी पोटभर जेवलो. इकडे गावी शेजारच्या काकांनी आमची तूर सोंगून खळ्यात आणून ठेवली होती.

कृतज्ञतेचे एक मोठे कोडे आहे. ज्याचे ऋण घ्यावे, तो परतफेडीसाठी समोर थांबत नाही. बाबा तर केव्हाच गेले. म्हातारीही तिच्या गावी परतली. म्हणून ते ऋण मागे नव्हे, पुढेच द्यायचे असते. दुसऱ्या खेपेस दर्यापूरकडचा एक तरुण वडिलांना घेऊन गोंधळून उभा होता. त्याला केसपेपर कुठे काढायचा, रांग कुठे लावायची, हे मी दाखवले. त्याचा चेहरा सैलावला आणि माझीही छाती हलकी झाली.

आईचे उपचार अजून संपलेले नाहीत. पुढे काय, हे डॉक्टरही सांगत नाहीत. पण आशा म्हणजे बरे होण्याची हमी नव्हे, एवढे आता कळते. आपल्या आधी कुणी इथे दिवा लावून गेले आहे आणि आपल्यानंतर येणाऱ्यासाठी त्यात तेल घालणे आपल्या हाती आहे, हा विश्वास म्हणजे आशा. आईच्या उशाशी जागताना तेवढा उजेड मला पुरतो.