साडेसहाचा कार्यक्रम

वाचकहो, सकाळी साडेसहाला तुमच्या घरी काय चाललेले असते? आमच्याकडे त्या वेळी धारा आटोपलेल्या असतात, दुधाची किटली डेअरीत रिकामी होऊन परत आलेली असते, दुसरा चहा उकळत असतो आणि ओसरीवरच्या टीव्हीत शेतीचा कार्यक्रम लागलेला असतो. अर्ध्या तासाचा. आधी हवामान, मग बाजारभाव, मग कोणी जाणकार एखाद्या पिकाविषयी दोन शब्द सांगतो. वाहिनीचे नाव मी घेत नाही. पुढे जी हकिगत सांगायची आहे, तिच्यात चूक वाहिनीची नाही, माझी आहे.

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी, कृषी. नोकरीला तीस वर्षे होत आली. कचेरी शेजारच्या तालुक्यात असली तरी बिऱ्हाड मात्र पुरंदर तालुक्यातल्या आमच्या गावीच ठेवले आहे. गावात मला सगळे ‘साहेब’ म्हणतात, थोडे मानाने, थोडे चेष्टेने.

सकाळच्या चहाबरोबर पाहायचे कार्यक्रम ही तशी बाहेरची चाल. अमेरिकेत ‘टुडे’ नावाचा असा कार्यक्रम १९५२ सालीच सुरू झाला, विलायतेत १९८३ साली. आपल्या दूरदर्शनने सकाळचे प्रक्षेपण सुरू केले ते १९८७ साली. ही सगळी मांडणी कचेरीला जाणाऱ्या माणसासाठी. तो न्याहारी करता करता बातम्या ऐकतो आणि गाडी पकडतो. आपली न्याहारी नऊ-साडेनऊला बांधावर, कांदा-भाकरीची. तिथे टीव्ही कुठला? म्हणून शेतकऱ्याचा सकाळचा कार्यक्रम धारा आणि शेताची वाट यांच्या मधल्या अर्ध्या तासातच बसवावा लागतो. तो इकडचा तिकडे सरकला की पाहणारा हातचा गेला.

हे मी पुस्तकात वाचलेले नाही. दिल्लीच्या आसपासच्या ८० खेड्यांसाठी ‘कृषिदर्शन’ सुरू झाले २६ जानेवारी १९६७ रोजी. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चे, आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्याकडे चित्र दिसू लागले. आमच्या गावात पहिला संच आला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, ग्रामपंचायतीत. लाकडी पेटी, पुढे सरकते दार, दाराला कुलूप, आणि किल्ली शिपायाच्या करगोट्याला. संध्याकाळी ‘आमची माती आमची माणसं’ लागायचे. आम्ही पोरे पुढे, बापे मागे, आणि वळचणीला विडी ओढणारे दोघेतिघे. बायका? एकही नाही. ती वेळ भाकरीची. कांद्याची रोपे लावणार बायका, खुरपणार बायका, काढणार आणि काटणारही बायका. आणि कांद्यावर बोलणे चालू असताना त्या सगळ्या चुलीपुढे! कार्यक्रम काही वाईट नव्हता. पण वेळ अशी होती की अर्धे शेत ऐकायलाच येऊ शकत नव्हते.

वेळेचा दुसरा धडा मला आमच्या म्हशीने दिला. २५ जानेवारी १९८७ च्या रविवारी ‘रामायण’ सुरू झाले. सकाळी साडेनऊची वेळ. तोवर सगळे आवरायचे म्हणून आमच्या आईने रविवारपुरती धार तासभर अलीकडे ओढली. म्हैस पान्हाच सोडीना. आंबोण ठेवले, रेडकू लावले, आई बोटे दुखेपर्यंत बसली, आणि रोजच्या निम्मे दूध निघाले. पुढे कृषी महाविद्यालयात शिकलो की पान्हा हा सवयीचा आणि संप्रेरकाचा खेळ आहे; तीच वेळ, तोच हात, तोच बादलीचा आवाज लागतो. म्हशीला मालिका कळत नव्हती, पण वेळ कळत होती. चार-पाच रविवारांनी आईने म्हशीचे ऐकले आणि रामाला पहिली दहा मिनिटे सोडून दिली.

माणसाचेही तसेच असते, हे मला तेव्हाच उमगायला हवे होते.

आता मे २०२५ मधली गोष्ट. डेअरीत दूध घालायला रांग लागली होती. एकाच्या मोबाईलवर चित्रफीत आली होती. दोन निवेदक, एक बाप्या आणि एक बाई, झकपक कपड्यांत शेतीच्या बातम्या देत होते. ती माणसे नव्हती. संगणकाने घडविलेले चेहरे होते. खरी हकिगत अशी : दूरदर्शनची किसान वाहिनी २६ मे २०१५ रोजी सुरू झाली आणि बरोबर नऊ वर्षांनी, २६ मे २०२४ रोजी, तिने नवे रूप घेतले. त्या वेळी ‘एआय क्रिश’ आणि ‘एआय भूमी’ हे दोन निवेदक आणले. देशातल्या आणि परदेशातल्या मिळून ५० भाषा त्यांना बोलता येतात, असे जाहीर झाले होते. म्हणजे बातमी खरी, पण वर्षापूर्वीची आणि दुसऱ्या वाहिनीची. मोबाईलवर तारीख गळून पडली आणि बातमी ताजी होऊन आमच्या रांगेत उभी राहिली.

मग काय, जो तो आपली मूठभर भर घालू लागला. एक म्हणाला, आपल्या साडेसहाच्या कार्यक्रमातली ती मुलगी काढणार आणि तिथे मशीन बसवणार. दुसरा म्हणाला, मागचा झोपडीचा देखावा जाणार, काचेचे टेबल येणार. तिसऱ्याने सांगितले, सकाळची वेळ भविष्य सांगणाऱ्याने घेतली, शेतीचा कार्यक्रम दुपारी अडीचला ढकलला. कोणीतरी माझ्याकडे वळून विचारले,

“साहेब, खरं का वो?”

वाचकहो, खरे सांगतो, मला काही ठाऊक नव्हते. पण तीस वर्षे ‘साहेब’ म्हणवून घेतलेल्या माणसाला ‘ठाऊक नाही’ हे दोन शब्द फार जड जातात. मी किटली खाली ठेवली आणि म्हणालो, “हो, माझ्याही कानावर आहे. पंधरा तारखेपासून अडीचला होणार म्हणतात.”

अडीचची वेळ त्यांनी सांगितलेली होती. पंधरा तारीख कुठून आली? माझ्याच तोंडून. खरीपाच्या बियाण्यांची बैठक पंधराला होती, ती डोक्यात घोळत होती, तीच बाहेर पडली असावी. तोवर ती नुसती आवई होती. तारीख लागल्याबरोबर तिचा हुकूम झाला, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात ‘साहेबांनी सांगितलंय’ झाले.

आमची चुलती, म्हणजे आमच्या गावकीत सगळ्यांची काकी, वय सत्तरीच्या पुढे. मुलगा चाकणला कारखान्यात आहे. शेत ती एकटी पाहते, मजूर बाया घेऊन. तिच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. माझा कृषी सल्ल्याचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे, त्यात शेकड्यांनी लोक आहेत, काकी नाही. तिचा गट म्हणजे तो साडेसहाचा कार्यक्रम. त्यातल्या निवेदिकेला ती ‘आपली पोरगी’ म्हणते. एकदा ती मुलगी तीन दिवस दिसली नाही, तर काकीने मला वाटेत थांबवून विचारले होते, “आजारी हाय का रं ती?” जणू काही माझ्याच कचेरीत कामाला होती!

मेच्या तिसऱ्या आठवड्यात काकीने अर्ध्या एकरातला उन्हाळी कांदा काढला. अगदी रीतीप्रमाणे, एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचा गड्डा झाकेल असा अंथरून ठेवला. तीन-चार दिवस असा वाळू द्यायचा, मग मान थोडी ठेवून पात कापायची, मग सावलीला, मग चाळीत. कापायला बाया दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या. माळ्यावर दोन ताडपत्र्या घडी घालून होत्या.

त्या सकाळी साडेसहाला, नेहमीच्याच वेळी, त्याच झोपडीच्या देखाव्यापुढे, त्याच मुलीने सांगितले : पुणे जिल्ह्यात विजांसह पाऊस, काढलेला कांदा झाकून घ्या. मी सहालाच घर सोडलेले होते. गाडीतच इशारा वाचला, सातला गटावर टाकला आणि कर्तव्य केल्यासारखे वाटून बैठकीला जाऊन बसलो. काकीने टीव्ही लावलाच नाही. अडीचला मात्र हातपाय धुऊन ती पुढ्यात बसली. पडद्यावर कुणीतरी बाई केक करीत होती. आपले ऐकायचे राहिले असेल असे समजून तिने टीव्ही बंद केला. तीनला आभाळ काळवंडले. चारला पाऊस आला, आणि तुम्हांला आठवत असेल, त्या वर्षी तो थांबलाच नाही. मान्सून २४ मे रोजी केरळात आला आणि २६ मे रोजी मुंबई-पुण्यात पोहोचला. एरवी मुंबईला यायला त्याला जूनची ११ तारीख उजाडते. वळवाचा पाऊस कधी संपला आणि मृगाचा कधी सुरू झाला, ते ठरवायलाही उसंत मिळाली नाही.

रात्री घरी आल्यावर मी तिकडे गेलो. काकी ओसरीवर कंदील घेऊन बसली होती, वीज गेलेली. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. मजूर मिळाले नाहीत म्हणून शेजारच्या सुनेला घेऊन तिने पाट्या पाट्या कांदा उचलून गोठ्यात आणला होता. बराचसा वावरातच पाण्यात होता.

“टीवी लावला न्हाय का गं सकाळी?” मी विचारले. अजून माझ्या ध्यानात आले नव्हते.

काकीने कंदिलाची वात खाली केली. “तूच म्हनला व्हतास ना, दुपारी लागनार म्हून?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. मी लोकांनी पसरवलेल्या आवईवर ढकलू शकलो असतो, मोबाईलवर ढकलू शकलो असतो, आणि खरे सांगायचे तर दोन्ही गोष्टी जिभेवर आल्याही होत्या. मग मी धोतर खोचतात तशी विजार वर खोचली आणि गोठ्यात कांदा पसरायला लागलो. भिजलेल्या कांद्याला ढीग चालत नाही; पातळ पसरावा लागतो, वारा लागावा लागतो, मऊ पडलेला त्याच दिवशी बाजूला काढावा लागतो. हे मी शेकडो लोकांना सांगितले आहे. स्वतःच्या हाताने रात्री अकरापर्यंत पहिल्यांदाच केले. तरीही तिसरा हिस्सा आठ दिवसांत नासला. उरलेला चाळीत ठेवण्याजोगा नव्हताच. मिळेल त्या भावाने द्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी डेअरीत मी सगळ्यांदेखत सांगितले, “कार्यक्रम सकाळीच आहे. ती पंधरा तारीख माझी होती, कुणी मला सांगितली नव्हती.” थोडी शांतता झाली. मग मागून एकजण म्हणाला, “साहेब चुकत्यात बी व्हय?” आणि सगळे हसले. मीही हसलो. पण एक गोष्ट सांगून ठेवतो. आवई गावभर व्हायला एक दिवस पुरला होता. ती खोडायला जून संपला. वरच्या आळीतले एक आजोबा तर पुढे कितीतरी दिवस अडीचलाच टीव्ही लावीत होते आणि शेतीचा कार्यक्रम बिघडला म्हणून सरकारला शिव्या देत होते.

मधल्या काळात मी त्या मशीनच्या चेहऱ्यांवर बराच विचार केला. चिखल न तुडवलेल्याने शेतकऱ्याला काय सांगावे, असे मला वाटत असे, आणि तसे भाषण मी एका शिबिरात ठोकूनही आलो. एकदा काकीपुढे तेच सुरू केले. ती घेवड्याच्या शेंगा मोडत होती. तिने मान वर केली नाही.

“मशीन का असंना,” ती म्हणाली. “वेळंवर यावं अन् खरं सांगावं. तू तर मशीन न्हवंस ना?”

तेव्हापासून मी शिबिरात तो विषय काढत नाही. डेअरीत फॅट लिहायचा फळा आहे, त्याच्या एका कोपऱ्यात सकाळी हवामानाची ओळ खडूने लिहितो. ज्या दिवशी खात्रीचे काही हाती नसते, त्या दिवशी कोपरा कोरा ठेवतो. काकीला फळा वाचता येत नाही, म्हणून पावसाचे काही असले की डेअरीतून परतताना तिच्या दारात सायकलची घंटी वाजवतो. गाडी आहे, पण त्या वाटेने सायकलच बरी.

गेल्या हिवाळ्यात तो साडेसहाचा कार्यक्रम खरोखरच बदलला. आधी कुठे आवई नाही, चर्चा नाही. मी काकीच्या ओसरीवर चहाला बसलो होतो. टीव्ही लागला, तर झोपडी गायब. निळी भिंत, तिच्यावर फिरणारी अक्षरे, आणि पुढे तीच मुलगी, फक्त उभी. वेळ तीच.

“झोपडी गेली वाटतं,” काकी म्हणाली. मग बशी खाली ठेवून तिने मला गप्प बसायची खूण केली, कारण हवामान सुरू झाले होते.