कोंबड्यांची मॅटाडोर

डिसेंबर २०२४

ती. अक्का,


परवा फोनवर तू दोनच प्रश्न विचारलेस. ‘दिली का?’ आणि ‘कितीला?’ मी ‘बाराशे चाळीस किलो भरली’ म्हणालो आणि तिकडून आवाज बंद. मग भाऊजींनी फोन घेतला, थंडी किती पडलीय ते बोलले आणि ठेवला. म्हणून हे पत्र. फोनवर तू रडायला लागलीस की मी खोटं बोलतो. कागदावर ती सोय नाही.

आधी मॅटाडोरच्या मोडीचा हिशेब. किलोला २८ रुपये, एकूण ३४,७२०. टायर आणि बॅटरी अप्पांनीच कधीची विकली होती. मंगळवारी सकाळी ट्रक आणि हायड्रा क्रेन आली. चारी बाजूंनी दगडांवर बसलेली गाडी उचलायची म्हणजे आधी तिच्यावरचा घोसाळ्याचा वेल तोडावा लागला. आई म्हणाली, चार घोसाळी कोवळी आहेत तेवढी काढून घ्या. कोंबड्या तिनं पहाटेच डालग्याखाली झाकल्या होत्या. तुला वाटत असेल आई ओटीवर डोळ्याला पदर लावून बसली असेल. छे. हायड्राच्या ड्रायव्हरला चहात साखर किती घालू म्हणून ओरडून विचारत होती. कागद मी आधीच काढून ठेवले होते. नोंदणी रद्द केली तेव्हा चॅसिस नंबरचा तुकडा कापून आरटीओत दिला होता, आठवतंय का? पुढे तिचंच खुराडं झालं, मागच्या दारातून कोंबड्या आतबाहेर करायच्या.

तू मला दोन वर्षांपूर्वी बडोद्याहून फोटो पाठवले होतेस. लक्ष्मीविलास पॅलेसच्या हिरवळीवर जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरलं होतं, जानेवारी २०२३ मध्ये. रोल्स रॉइस, बेंटली, संस्थानिकांच्या एकेक गाड्या, पितळेचे दिवे इतके घासलेले की फोटो काढणारीचा चेहरा त्यात दिसत होता. खाली तू लिहिलं होतंस, ‘आपलीपण अशी करून घेऊया ना रे.’ तेव्हा मी अंगठा दाखवून गप्प बसलो. खरं तर मला राग आला होता, आणि तो का आला हे मलाच उमगायला हा मंगळवार यावा लागला. त्या गाड्या उरल्या, कारण त्या फारशा चाललेल्याच नाहीत. वर्षातून चारदा शिकारीला नाहीतर मिरवणुकीला बाहेर पडायच्या, बाकी सगळा वेळ पागेत. आपली मॅटाडोर पंचवीस वर्षं रोज चालली. तिच्यात उरलं होतं काय, घासून चमकवायला?

तुला आठवतं त्याच्या आधीपासून सांगतो. १९८४ साली आजोबांनी बैलजोडी विकली आणि अप्पांनी ही गाडी घेतली, तीही जुनीच. बैल वडगावच्या बाजारात गेले. त्या रात्री अप्पा जेवले नव्हते, हे आईनं मला खूप उशिरा सांगितलं. आणि आजीचं तर तुला माहीतच आहे: बेंदूर आला, गोठा रिकामा, पुरणपोळी कुणाला चारायची? तिनं नैवेद्याचं ताट उचललं आणि सरळ गाडीपुढे नेऊन ठेवलं. बंपरला हिंगूळ लावला. तेव्हापासून बेंदराला एक पोळी मॅटाडोरची. मॅटाडोर म्हणजे स्पेनमध्ये बैलाशी झुंजून त्याला मारणारा गडी, हे मला पुढे कॉलेजात कळलं. आजीला मी कधी सांगितलं नाही.

नावाचा घोळ इथे संपत नाही. ‘टेम्पो’ हा शब्द तू, मी, सगळा गाव दिवसातून दहादा वापरतो. तो जर्मनीतल्या हॅम्बर्गच्या एका कारखान्याचं नाव आहे. नवलमल फिरोदियांनी १९५८ मध्ये त्या कारखान्याच्या सहकार्यानं बजाज टेम्पो काढली, आधी गोरेगावात तीनचाकी बनवायला लागले, मग आकुर्डीला आले. मॅटाडोरही मूळची त्याच घराण्यातली. कंपनीनं २००५ साली स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं; टेम्पो शब्द आपल्याकडेच ठेवून गेली. आई तर आजही दारात कुठलीही बसकी बंद गाडी थांबली की ‘कुणाची मॅटाडोर आली बघ’ म्हणते. परवा ॲम्ब्युलन्सला म्हणाली.

गाडी बुडाला बसकी होती, म्हणून माल चढवायला सोपी. दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली की अप्पा रात्री नऊला निघायचे, चार गुऱ्हाळं फिरून तीस-तीस किलोच्या ढेपा भरायचे आणि पहाटे कोल्हापूरला सौद्याला पोचवायचे. त्या दिवसांत गाडीला मधमाश्या चिकटलेल्या असायच्या. तू शाळेत जाताना मागे बसायचीस आणि तुझ्या दप्तराला गुळाचा वास यायचा, म्हणून वर्गातल्या पोरी तुला ‘काकवी’ म्हणायच्या. तू घरी येऊन रडायचीस. आता तोच वास तुला बडोद्यात आठवतो म्हणे.

चिडू नकोस. मी तुला एकटीला बोलत नाही. गेल्या साली ऑक्टोबरच्या शेवटी मुंबईतली पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा तू मला रात्री साडेअकराला काळ्यापिवळ्या टॅक्सीचा फोटो पाठवलास. लालबागला होतीस तेव्हा थोरल्याच्या बाळंतपणाला तू तिच्यातूनच केईएमला गेलीस, त्यामुळे तुझा तिच्यावर हक्क आहे, मान्य. पण ती टॅक्सी काय होती? कुर्ल्याच्या वालचंद शेठांच्या प्रीमियर कंपनीनं १९६४ मध्ये फियाट अकराशे डिलाइट काढली, १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी ठेवलं आणि शतक संपेपर्यंत थोड्याफार फरकानं तीच गाडी विकली. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, काच फिरवायची मूठ निम्म्या गाड्यांत हातात यायची, आणि मागचं दार आतून उघडत नसे, ते टॅक्सीवाल्यानं हात मागे घालून उघडायचं. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, म्हणून २०२३ च्या त्याच तारखेनंतर एकही नाही. कॅलेंडरनं तिला संपवली. टॅक्सीवाल्यांच्या युनियननं सरकारला एवढंच मागितलं होतं की निदान एक तरी जपून ठेवा.

मागच्या सीटवर बसणाऱ्यांना तिच्याबद्दल जिव्हाळा वाटतो, कारण मागची सीट खरंच चांगली होती. पुढे उकाड्यात बारा तास बसणाऱ्याला काय वाटत असेल? अप्पांना मी एकदा विचारलं होतं. गाडी गोठ्याशेजारी लावून पाचसहा वर्षं झाली होती, मी म्हटलं, ‘अप्पा, हिला रंग देऊन दारात ठेवूया का? लोक फोटो काढतात हल्ली.’ अप्पा कडबा रचत होते. म्हणाले, ‘डाव्या पोटरीवर ह्या इंजिनाची धग हाय अजून. कान गेला ते तुला ठावं हाय. फोटो काढायचा तर माझ्या कानाचा काढ.’ मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता: ‘बैलं गेली तवा मी रडलो. जीव हुता त्यास्नी. लोखंडाला कोण रडतंय?’

तरीही त्यांनी ती विकली नाही, असं तू म्हणशील. मीही वर्षानुवर्षं तसंच समजत होतो, की वरून कडक आणि आतून काहीतरी. पण मी नीट आठवून बघितलं. २००९ साली मोडीत तिचे येत होते आठ-नऊ हजार आणि नवं खुराडं बांधायला तेवढेच लागत होते. अप्पांनी सरळ हिशेब केला. आतल्या मायेचं पुस्तक आपण लिहिलं, त्यांनी नाही.

आता भंगाराच्या वखारीचं. मी ट्रकच्या मागोमाग मोटारसायकलवर गेलो, का ते विचारू नकोस. शिरोलीच्या बाजूला आहे. मला वाटलं होतं गंजाचा डोंगर, मोडकी हाडं वगैरे. तसं काही नव्हतं, अगदी नीटनेटका धंदा आहे. एका बाजूला पत्रा, एका बाजूला बीड, ॲल्युमिनियम वेगळं, आणि तांबं-पितळ कुलपात. मालकाच्या टेबलावर आजच्या भावांचा कागद. ट्रकचे पाटे एका कोपऱ्यात रचलेले होते; ते कोण नेतं म्हणून विचारलं तर म्हणाला लोहार. उसाच्या फडात जो कोयता चालतो तो बहुतेक कुठल्यातरी ट्रकचा पाटा असतो, हे मला इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं. आपल्या गाडीला ट्रकसारखे पाटे नव्हतेच, त्यामुळे त्या मानाला ती मुकली. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, तो इथल्याच कुठल्यातरी फौंड्रीत वितळेल, आणि कोल्हापूरच्या फौंड्र्या गाड्यांचेच भाग ओततात, तेव्हा तो पुन्हा कुठल्यातरी बॉनेटखाली जाण्याची शक्यता आहे. पत्रा जालन्याकडे जातो म्हणाला, सळईच्या भट्ट्यांना. म्हणजे तू बडोद्यात नवीन फ्लॅटचा स्लॅब बघायला जाशील तेव्हा जरा जपून पाय ठेव.

कटरवाला पोरगा विशीचा, डोळ्याला काळा चष्मा. गॅस पेटवायच्या आधी तो घण घेऊन दारं उतरवतो. ड्रायव्हरच्या बाजूचं दार खाली पडलं, आतला पत्रा सुटला, आणि त्यातून भसकन गुलाल सांडला. पसाभर तरी असेल. ज्योतिबाचा. चैत्री यात्रेला सगळी आळी कोंबून अप्पा डोंगरावर न्यायचे, परतताना गाडी आतबाहेर गुलाबी, आई आठ दिवस धूत बसायची. काचेच्या फटीतून दाराच्या पोटात गेलेला तो तिथेच बसून राहिला होता. दरवर्षी थोडा थोडा. खालचा जुना, ओल धरून ढेकळासारखा घट्ट. वरचा मात्र अगदी मोकळा, परवा उधळल्यासारखा.

पोरानं घण ठेवला. चष्मा वर केला. ‘चांगभलं,’ म्हणाला, चिमूटभर उचलून कपाळाला लावला आणि माझ्याकडे बघून हात पुढे केला. मीही लावला. मग त्यानं बाकीचा पायानं बाजूला सारला, कारण गुलालावर ठिणगी पडलेली बरी नव्हे, आणि कटर पेटवला. मला वाटतं मी दहा मिनिटं तिथे होतो. छताचा पत्रा कापताना फार आवाज होत नाही. नंतर वजनाची पावती घेऊन निघालो, आणि वाटेत एका टपरीवर चहा पिताना आरशात कपाळ दिसलं तेव्हा टपरीवाल्यानं विचारलं, ‘आज काय विशेष?’ मी म्हटलं, गाडी दिली.

नवीन घेतली का, हा त्याचा पुढचा प्रश्न.

तुला मी थोडा गुलाल रुमालात बांधून ठेवलाय. पोस्टानं पाठवत नाही, बाकीच्या टपालाचं वाटोळं होईल. उन्हाळ्यात येशील तेव्हा ने. पैशांतले निम्मे तुझे, पण आईनं परस्पर त्यातले अकरा हजार खुराड्याच्या पत्र्याला आणि जाळीला काढून ठेवले आहेत. तेव्हा भांडायचं असेल तर तिच्याशी भांड, मी मध्ये नाही.

खुराडं रविवारपर्यंत होईल. तोवर पंचाईत झालीय ती कोंबड्यांची. गाडी होती तिथे जमिनीवर एक लांबोळका चौकोन उरलाय, गवत नसलेला, चार दगड चार कोपऱ्यांना. दिवस मावळला की कोंबड्या रांगेनं तिथे येतात, मागच्या दाराची पायरी जिथे होती तिथे थांबतात आणि उडी मारण्याआधी मान वाकडी करून वर बघतात. काल पिवळीनं तर खरोखर उडी मारली आणि धपकन खाली पडली. आई दोन दिवस डालगी घेऊन त्यांच्यामागे फिरतेय आणि तोंडानं तुझ्या-माझ्या नावानं काय काय म्हणतेय.

भाऊजींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू