पाहुणीचे ताट

दिल्लीत सरकारी घरात राहणाऱ्या मराठी माणसाला पाहुण्यांची सवय असते. कुणी एखाद्या अडलेल्या फायलीमागे येतो, कुणी मुलाखतीला, कुणी वैष्णोदेवीला जाता जाता दोन रात्री टेकतो. परंतु 1994 च्या डिसेंबरात रामकृष्णपुरमच्या आमच्या घरी जी पाहुणी जेवायला आली, ती हवानाहून आलेली होती. उसावर संशोधन करणारी, चाळिशीतली, उंच आणि सावळी. पुसाच्या संस्थेत काही महिने काम करण्यासाठी ती आली होती, आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिश शिकविणारे माझे एक मित्र तिची देखभाल करीत. तेच तिला आमच्याकडे घेऊन आले. दुभाषाचे कामही अर्थात त्यांच्याकडेच होते.

परदेशी पाहुणी म्हणताच पत्नीने पुरणपोळी आणि कटाची आमटी केली होती. आपले पारंपरिक अन्न दाखवायचे तर ते पुरणपोळीच, याबद्दल आमच्या मनात शंका नव्हती. दिवस मात्र मार्गशीर्षातल्या एकादशीचा निघाला. आई तेव्हा करमाळ्याहून आमच्याकडे राहायला आली होती. तिच्यासाठी साबुदाण्याची खिचडी झाली होती, आणि ती आपले ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसली होती. पाहुणीने पुरणपोळीचे कौतुक केले, पण तिची नजर पुन्हापुन्हा आईच्या ताटाकडे जात होती. शेवटी तिने विचारलेच. आईने वाटीभर खिचडी तिच्यापुढे सरकविली. एक घास घेऊन तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "युका."

मित्राने समजावून सांगितले. युका म्हणजे एक कंद. क्यूबामध्ये तो उकडून, तळून, किसून, हरतऱ्हेने खातात. आम्ही नकारार्थी माना हलविल्या. साबुदाणा हा कुठल्याशा ताडाच्या झाडापासून होतो, असे मी शाळेपासून समजत आलो होतो. पुढे शोध घेतला, तेव्हा कळले की मीही चूक नव्हतो आणि तीही नव्हती. मूळचा साबुदाणा मलायाकडच्या साबूच्या झाडाच्या गाभ्यापासून होई. दुसऱ्या महायुद्धात तिकडचा माल थांबला, तेव्हा तमिळनाडूत सेलमकडे तो युकापासून, म्हणजे आपण टॅपिओका म्हणतो त्या कंदापासून, करू लागले. आज आपल्या उपासाला चालतो तो हाच. खिचडीतला शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, मिरचीही अमेरिकेकडचीच, आणि बटाटा घातला तर तोही पेरू देशाकडच्या डोंगरांतला. जिरे आणि तूप तेवढे जुने. 'बटाटा' हा शब्दसुद्धा त्या बेटांवरच्या ताइनो लोकांचा. त्यांच्याकडे तो रताळ्याचे नाव होता. स्पॅनिश आणि पोर्तुगीज जिभांवरून प्रवास करीत तो आपल्या किनाऱ्याला लागला, आणि उत्तरेने 'आलू' धरून ठेवला असताना आपण मराठी माणसे तो रोज उच्चारतो. ज्यांनी शब्द दिला त्या ताइनोंची बहुतेक वस्ती स्पॅनिश अमलाखाली रोगांनी आणि वेठबिगारीने नाहीशी झाली.

हे सगळे आईला सांगितले, तेव्हा ती थोडी विचारात पडली. वारकरी घरातली बाई. पंढरपूर तिला माहेरासारखे. "म्हणजे इतकी वर्सं मी एकादशीला परमुलखातलं खात आले म्हण की," ती म्हणाली आणि उठून पाहुणीच्या वाटीत आणखी खिचडी वाढली.

देणे काही एकतर्फी झाले नव्हते. कोलंबसाने 1493 च्या दुसऱ्या सफरीत ऊस तिकडे नेला. स्पॅनिशमध्ये साखरेला जो 'असुकार' शब्द आहे, तो अरबीतून आलेली आपली शर्कराच. आंबा, केळी आणि तांदूळही पूर्वेकडूनच गेले. पण साखरेबरोबर मळे आले, आणि मळ्यांबरोबर आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. ती गुलामी क्यूबात 1886 पर्यंत चालली. एकोणिसाव्या शतकात करार करून चिनी मजूरही आणले गेले. 'आहियाको' नावाची एक पातळ भाजी, खरे तर रस्सा, तिकडे करतात. त्यात कंद, कणीस, केळी, मांस, हाताला लागेल ते शिजते. फर्नांदो ओर्तिस या क्यूबाच्या थोर अभ्यासकाने 1940 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका व्याख्यानात साऱ्या देशालाच आहियाकोची उपमा दिली आहे. उपमा सुरेख आहे. मात्र चुलीखाली लाकडे कुणाची जळली, हे त्या पाहुणीच्या चेहऱ्याकडे पाहूनच मला अधिक समजले. तिचे पणजोबा उसाच्या मळ्यावरचे होते.

पुढच्या रविवारी तिने आम्हांला जेवू घालायचे ठरविले. आम्ही आय. एन. ए. मार्केटला गेलो. समोरच दिल्ली हाट त्याच वर्षी सुरू झाले होते, आणि तिथे प्रांतोप्रांतीचे पदार्थ एका आवारात खायला मिळतात याचे दिल्लीकरांना मोठे अप्रूप होते. मार्केटातल्या केरळी दुकानांत युका मिळाला, कच्ची केळी मिळाली. काळा घेवडा मात्र कुठेच नव्हता. पाहुणीने राजम्याची रास पाहिली आणि हसली. त्यांच्याकडे भाताबरोबर काळा घेवडा शिजविला तर त्याला 'मोरोस इ क्रिस्तियानोस', म्हणजे मूर आणि ख्रिस्ती, म्हणतात. घेवडा मूर, भात ख्रिस्ती. पूर्व भागात लाल घेवडा घालतात, तो 'कोंग्री'. दिल्लीच्या प्रत्येक नाक्यावर दुपारी जो राजमा-चावल विकला जातो, तो या कोंग्रीचा सख्खा चुलतभाऊ. राजमाही अमेरिकेतूनच आलेला. फरक इतकाच, की पंजाबी माणूस दाट रस्सा भातावर ओततो आणि क्यूबाचा माणूस घेवड्याच्या काळसर पाण्यातच तांदूळ शिजवितो. कांदा, लसूण आणि न तिखट अशी ढोबळी मिरची तेलात परतायची, तीत जिरे आणि तमालपत्र घालायचे. जिऱ्याचा वास सुटताच आई स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

युका सोलून, मधली दोरी काढून, मिठाच्या पाण्यात मऊ उकडला. वरून लसूण ठेचून कढत तेल, आणि आंबट संत्र्याचा रस. संत्र्याऐवजी आम्ही हिवाळ्यात दिल्लीत मिळणारे गलगल पिळले. तेल ओतताच जो चर्र आवाज झाला, तो ऐकून आई म्हणाली, "ही तर फोडणीच. शेवटी दिली इतकंच." कच्च्या केळ्यांचे जाड तुकडे एकदा तळून, बाटलीच्या बुडाने दाबून चपटे करून पुन्हा तळले. भाताची खीर तर जशीच्या तशी होती, फक्त वेलदोड्याच्या जागी दालचिनी. सारेच जेवण आमच्या जिभेला अळणी लागले. आईने हळूच मिरचीचा ठेचा पुढे केला. पाहुणीने तो चाखला, आणि पाण्याचा तांब्या संपविला.

जेवताना पत्नीने सहज विचारले, "आम्ही कधी तुमच्याकडे आलो, तर हे सगळं कुठे खायचं?"

मित्राने प्रश्न पोहोचविला. पाहुणी बराच वेळ बोटांनी भाताची शिते गोळा करीत राहिली. मग म्हणाली, तुम्हांला हॉटेलांत सगळे मिळेल. डुकराचे भाजलेले मांसही, 'रोपा विएखा'ही. रोपा विएखा म्हणजे जुने कपडे. उकडलेल्या गोमांसाचे धागे धागे करून केलेला पदार्थ, म्हणून ते नाव. घरी मात्र आम्ही तो किती वर्षांत केला नाही. आपली गाय आपण कापली तर तुरुंगात जावे लागते. हे ऐकून आम्ही चकित झालो. कारण धर्माचे नव्हते, टंचाईचे होते.

तिच्या देशात 1962 पासून शिधापुस्तिका होती. सोव्हिएत संघ 1991 साली कोसळला, तेल आणि धान्य येईनासे झाले, आणि पुस्तिकेतल्या रकान्यांना अर्थ उरला नाही. तिने सांगितले, की तिच्या आईने ग्रेपफ्रूटची जाड साल मिठाच्या पाण्यात मुरवून, मसाला लावून, मांसाच्या कापासारखी तळून वाढली होती. सांगताना ती हसत होती, मित्र भाषांतर करताना हसत नव्हते. 1992 साली हरकिशनसिंग सुरजित यांच्या पुढाकाराने हिंदुस्थानातून 10,000 टन गहू हवानाला गेला, तो तिला माहीत होता. त्याचा पाव आपण खाल्ला की नाही, हे तिला सांगता येईना. पाव तर पावच दिसतो.

आईला मी हे थोडक्यात सांगितले. ती म्हणाली, "तिला मिलोचं सांग."

मी गप्प राहिलो. करमाळ्यात 1972 च्या दुष्काळात आई रस्त्याच्या कामावर खडी फोडीत होती. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी थापली की चिरफळत जाई, आणि पोटात दुखे. कामावर सुकडी वाटीत. आई आपल्या वाट्याची धाकट्या भावासाठी पदरात बांधून आणी. मी तेव्हा पुण्यात कॉलेजात होतो, आणि माझ्या खानावळीचे पैसे त्या खडीतून येत होते. दिल्लीतल्या पंधरा वर्षांत मी हे कुणाजवळ बोललो नव्हतो. पत्नीलाही ते अर्धेच ठाऊक होते. पुरणपोळीच्या मागे मी काय काय झाकून ठेवले होते, ते त्या दुपारी माझे मलाच दिसले, आणि तरीही जीभ उचलेना.

"सांगतोस का मी सांगू?" आई म्हणाली, आणि मराठीत सांगू लागली. ठेच लागलेल्या बोटाचे, सुकडीच्या वासाचे, सगळे सांगितले. मित्र जमेल तसे स्पॅनिशमध्ये नेत होते. मिलोला शब्द सापडेना, तेव्हा त्यांनी मिलोच ठेवला. पाहुणीने आईचा उजवा हात हातात घेऊन तळवा उलटा करून पाहिला. पत्नी भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवीत होती. ती मध्येच थांबली.

पुढे क्यूबात घरगुती खाणावळी निघाल्या. 1995 च्या नियमांनी त्यांत 12 च खुर्च्या ठेवण्याची मुभा होती. ती मर्यादा केव्हाच गेली. ताइनोंची युकाची भाकरी, 'कसाबे', 2024 साली युनेस्कोच्या वारसायादीत नोंदली गेली. कंद किसायचा, पिळून विषारी पाणी काढायचे आणि तव्यावर थापायची. बातमी वाचली, तेव्हा ती दाखवायला आई नव्हती.

जाण्याच्या आदल्या दिवशी पाहुणीला आम्ही खरेदीला नेले. साडी, शाल, संगमरवरी ताजमहाल, सगळे दाखविले. तिने पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला. त्यावर पेन्सिलीने एक मोठे वर्तुळ काढलेले होते. तिच्या आईच्या प्रेशर कुकरच्या झाकणाचे. त्याचे रबर झिजून गेले होते, घेवडा शिजायला चार चार तास लागत, आणि रबर मिळत नव्हते. सरोजिनीनगरात आई तो कागद घेऊन भांड्यांच्या दुकानांतून हिंडली. दुकानदार एकेक कडे वर्तुळावर ठेवून पाहत होते, कुठे दोरीएवढे मोठे होई, कुठे लहान. चौथ्या दुकानात जुळले. आईने सहा घेतली, पैसे स्वतःच्या कनवटीचे दिले, आणि दुकानदाराला पुन्हा एकदा मोजायला लावली.